ट्रेल कॅमेरा लावताय? आधी या चुका टाळा

आमची सोसायटी गोरेगाव पूर्वेला, मागच्या भिंतीपलीकडे झाडीच झाडी. कमिटीला पटवून मी कंपाउंडच्या आत ट्रेल कॅमेरा, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावला, आठ दिवसांनी कार्ड काढलं तर साडेतीन हजार फोटो आणि सगळ्यात गवत! बिबट्या सोडा, साधं मांजर पण नाही.

चूक माझीच होती. यातला पीआयआर (उष्णता ओळखणारा) सेन्सर नुसती हालचाल पकडत नाही, आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार काहीतरी समोरून सरकलं तर पकडतो, त्यामुळे उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की झाला फोटो. समोरचं गवत, लोंबणाऱ्या फांद्या काढा आणि कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवा, पूर्व-पश्चिम नको, सूर्य थेट लेन्समध्ये येतो. उलटं पण होतं हां, मे महिन्यात दुपारी हवाच अंगाइतकी तापते मग प्राणी समोरून गेला तरी कॅमेरा ढिम्म. लगेच दुकानदाराशी भांडू नका, रात्रीचे फोटो बघा आधी.

चोरीच्या भीतीने लोक डोक्याच्या वर टांगतात आणि मग फक्त पाठी दिसतात. गुडघ्याएवढी उंची पुरे, चोरीसाठी केबल लॉक घ्या. प्राण्यांच्या वाटेला अगदी काटकोनात लावला तर हातात शेपटीच येते, थोडा तिरका लावा.

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं: दिवसा फोटो मस्त, रात्री काळेकुट्ट. नव्वद टक्के वेळा सेल! साधे रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे, कॅमेऱ्याला हवे असतात 1.5 चे, आठ सेल म्हणजे 12 च्या जागी 9.6, आणि रात्रीच्या इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) फ्लॅशलाच सगळ्यात जास्त करंट लागतो म्हणून आधी तोच मान टाकतो. लिथियम एए टाका, महाग आहेत पण टिकतात. सेल बदलले की तारीख-वेळ तपासा, आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा, रबर सील पुसा. माझ्या कॅमेऱ्यात एकदा मुंग्यांनी अंडी घातली होती, खोटं नाही सांगत.

बिबटे नेमके किती हे बघायचं असेल तर वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लागतात, कारण एकाच बिबट्याचे डाव्या-उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात.

आता जरा गंभीर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत स्वतःच्या मनाने कॅमेरा लावायचा नाही, वन विभागाची परवानगी लागते, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. आमिष म्हणून चिकन टाकणं तर डोकं फिरल्याचं लक्षण, आधी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतोच. शेजाऱ्यांच्या खिडक्या फ्रेममध्ये नकोत. आणि फोटो मिळाला की लगेच व्हॉट्सॅप ग्रुपवर जागेसकट टाकू नका, दहा मिनिटांत टॉर्च घेऊन अख्खी बिल्डिंग खाली उतरते. बिबट्या सोसायटीत अडकलाय असं वाटलं तर वन विभागाच्या 1926 वर फोन करा.

माझा आतापर्यंतचा स्कोअर: एक उदमांजर, आणि पहाटे पाच बाराला रोज आमचा वॉचमन.