मधुमेहात हिरड्यांचा आजार: प्रोबायोटिकची गोळी कधी, कोणती आणि कशी घ्यायची

खरकट्या भांड्यात कितीही चांगलं विरजण लावलं तरी दही नासतंच. हिरड्यांच्या आजारात प्रोबायोटिकचं, म्हणजे फायद्याच्या जिवंत जंतूंच्या गोळीचं, तसंच आहे. दातांच्या मुळाशी कीटण बसलेलं असताना गोळ्या चघळल्या तर पैसे जातात आणि आतलं हाड झिजायचं थांबत नाही. म्हणून गोळीकडे वळण्याआधी साखर आणि सफाई.

आजार ओळखायचा कसा

ब्रश करताना रक्त, तोंडाला वास, दात लांब झाल्यासारखे दिसणं, घास फटीत अडकणं आणि शेवटी दात हलणं. हे सगळं होतं, पण बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस उशिरा येतो. सातारा-सांगलीकडे आणखी एक अडचण आहे: मिश्री. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आत आजार वाढत असला तरी रक्त फारसं येत नाही आणि हिरडी वरून धडधाकट दिसते. घरातल्या आईला, आजीला मधुमेह असेल आणि मिश्रीची सवय असेल, तर "रक्त येत नाही ना, मग बरं आहे" यावर विसंबू नका. तपासून घ्या.

साखर वाढलेली असली की हिरडीची जंतूंशी लढायची आणि भरून यायची ताकद कमी होते. उलट, हिरडीतली सततची सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणजे दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात. चांगली बाजू अशी की हिरड्यांचा नीट उपचार केल्यावर ३-४ महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ताचा आकडा) सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो, असं २०२२ सालच्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, दिसलं. हा फायदा सफाईचा आहे, गोळीचा नाही.

दातांच्या डॉक्टरकडे जाताना

तीन महिन्यांच्या आतला एचबीएवनसी रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, फक्त आधी सांगा. एचबीएवनसी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर सध्याच्या वर्गीकरणात तो हिरड्यांचा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात. त्यामुळे साखरेच्या डॉक्टरांनाही हिरड्यांबद्दल कळवा.

वेळ सकाळची घ्या. उपाशी जाऊ नका. नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची औषधं घेऊनच खुर्चीत बसा. पर्समध्ये साखरेची पुडी असू द्या. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, तर ३ चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अशा वेळी साताऱ्याचा कंदी पेढा कामाचा नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते.

तपासणीत पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेची, मापं लिहून मागा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून खोली मोजतात. १ ते ३ मिमी ठीक. ४ मिमी आणि वर, शिवाय रक्त, म्हणजे आजार चालू आहे. ६ मिमीच्या पुढे खोल. हे आकडे कागदावर नसतील तर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. सांगलीत भारती विद्यापीठाच्या आणि कराडला कृष्णा संस्थेच्या दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे ही मोजणी नेहमीची बाब असते.

सफाई दोन पातळ्यांवर होते: हिरडीच्या वरचं कीटण काढणं आणि भूल देऊन हिरडीखालचं मूळ साफ करणं. पॉकेट खोल असतील तर दुसरी चुकवू नका. फक्त वरवर पॉलिश करून भागत नाही. "दात साफ केले की हलायला लागतात" ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. खरी गोष्ट अशी की हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाचा दगडी थर त्या दातांना टेकू देत असतो. टेकू निघाला की आधीपासूनचं हलणं जाणवतं. हिरडीची सूज उतरल्यावर फटीही मोठ्या दिसतात आणि काही दिवस थंड लागतं. ही बरं होण्याचीच खूण आहे.

घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरका धरून, जागच्या जागी हलकं हलवत, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश (दोन दातांमध्ये घालायचा बारीक ब्रश), फटीत किंचित घट्ट बसेल त्या मापाचा. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात. राखुंडी, खरखरीत मंजन आणि मिश्री बंद.

आता गोळी

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माउथवॉश दिलं असेल (०.२ टक्क्यांचं, १० मिली, एक मिनिट, दोनदा) तर आधी तो कोर्स संपवा. ते चांगले-वाईट जंतू निवडत बसत नाही, दोन्ही मारतं. माउथवॉश आणि गोळी एकत्र घेणं म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्याने उपटणं. पोटातून अँटिबायोटिक चालू असेल तर तेही संपू द्या.

हिरड्यांसाठी सर्वांत जास्त अभ्यासलेला जंतू म्हणजे लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. त्यातही डीएसएम १७९३८ आणि एटीसीसी पीटीए ५२८९ हे दोन स्ट्रेन, म्हणजे त्या जंतूचे ठरावीक वाण. पाकिटावर फक्त "प्रोबायोटिक" लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका. जंतूचं पूर्ण नाव, स्ट्रेन आणि जिवंत जंतूंची संख्या छापलेली हवी. वर सांगितलेल्या प्रत्येक स्ट्रेनचे एका गोळीत किमान १० कोटी असावेत. मेडिकलमध्ये नुसतं "प्रोबायोटिक द्या" म्हटलं की बहुतेकदा जुलाबावरची कॅप्सूल किंवा छोटी बाटली हातात पडते. तिच्यातले जंतू वेगळे, आणि ती गिळायची असते. हिरडीला तिचा उपयोग नाही. चघळायची गोळी मागा आणि मागच्या बाजूला साखर, ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन नाही ना, ते वाचा. गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल चालतं, पण मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने आधीच पोट बिघडत असेल तर गॅस वाढू शकतो.

घरचं दही, ताक जरूर घ्या, बिनसाखरेचं. पण त्यात कोणता जंतू किती आहे हे ठरलेलं नसतं, म्हणून त्याला उपचार समजू नका. साखर घातलेली प्रोबायोटिक पेयं मधुमेहात नकोच.

घ्यायची पद्धत अशी. सकाळी आणि रात्री, ब्रश आणि फटींची सफाई झाल्यावर, एक गोळी जिभेखाली न ठेवता गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. चावू नका. दहाएक मिनिटांत ती आपोआप विरघळते. मधेच बाजू बदला. तोंड कोरडं पडत असेल तर आधी दोन घोट पाणी प्या. नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, विशेषतः गरम चहा. सकाळची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. काढता-घालता येणारी कवळी असेल तर ती काढून ठेवा. सांगलीच्या मे महिन्यात पाकीट फ्रिजवर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलं तर आतले जंतू मरतात. पाकिटावरचं तापमान पाळा. घर तापत असेल तर फ्रिजच्या आत, घट्ट डब्यात.

मुळांची सफाई संपली की लगेच (माउथवॉश किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर ते संपल्यावर) सुरू करून ३ ते ४ आठवडे घ्यावी. हे जंतू तोंडात कायमचं घर करत नाहीत, गोळी थांबली की काही आठवड्यांत निघून जातात.

अपेक्षा किती ठेवायची? काही छोट्या अभ्यासांत रक्तस्राव आणि पॉकेटची खोली थोडी जास्त कमी झाली, काहींत काहीच फरक दिसला नाही. युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सफाईबरोबर प्रोबायोटिक सरसकट न देण्याचा सल्ला आहे. आमचं मत असं: खर्च झेपत असेल आणि बाकी सगळं नीट चालू असेल तर महिनाभर घेऊन बघायला हरकत नाही. गोळी की इंटरडेंटल ब्रश अशी निवड करावी लागली, तर ब्रशच घ्या. मधुमेहाची कोणतीही गोळी किंवा इन्सुलिन यासाठी कमी करायचं नाही.

केमोथेरपी, स्टिरॉइडचे मोठे डोस, अवयव प्रत्यारोपण, डायलिसिसची शिरेतली नळी किंवा हृदयाची कृत्रिम झडप असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. जिवंत जंतू रक्तात गेल्याच्या घटना बहुतेक अशाच रुग्णांत घडतात. गालाला सूज, पू किंवा ताप असेल तर गोळीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

तीन महिन्यांनी पॉकेट पुन्हा मोजून घ्या आणि त्याच सुमारास एचबीएवनसी करा. दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला. ४ मिमीपर्यंत उतरलेल्या आणि रक्त न येणाऱ्या जागांना दर तीन महिन्यांची सफाई पुरते. ६ मिमीवर अडलेल्या जागांसाठी गोळ्यांचं दुसरं पाकीट आणू नका. तिथे हिरडी उघडून साफ करायची शस्त्रक्रिया लागेल का, हे विचारा.