कम्प्रेसरने ठेका झुलवताना या चुका टाळा

हाउस ट्रॅकमध्ये किक (बेस ड्रमचा ठोका) चारही बीटवर नेमकी पडतेय, बेसलाइनही बरी आहे, तरी मान डोलत नाही. मग बेसवर आणि पॅडवर (मागे लांब धरलेल्या सुरांवर) कम्प्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं साधन, बसतो आणि त्याला किकचा साइडचेन लागतो, म्हणजे किक वाजली की हे आवाज दबतात. बहुतेकांचा हात आधी थ्रेशोल्डकडे, म्हणजे ज्या पातळीवर दाबणं सुरू होतं तिकडे, जातो: आणखी खाली, आणखी खाली. पण ग्रूव्ह आवाज किती दबला यात नसतो, तो परत कधी वर आला यात असतो. म्हणजे रिलीजमध्ये, दाबलेला आवाज सोडायला लागणाऱ्या वेळेत.

१२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ बीट) एक बीट ४८० मिलिसेकंदांची, तिचा अर्धा भाग २४० चा. रिलीज ६०० ठेवलात तर पुढची किक येईपर्यंत कम्प्रेसर पुरता उघडतच नाही. पंपिंग, म्हणजे आवाजाचं ठेक्यात खाली-वर होणं, होत नाही, बेस नुसता बारीक होतो. रिलीज ३० वर आणलात तर आवाज लगेच उसळून येतो आणि ऑफबीटकडे (दोन बीटच्या मधल्या जागेकडे) जाणारा तो फुगवटा मिळत नाही. गेन रिडक्शनचा (आवाज किती दबलाय ते दाखवणारा) काटा पुढच्या किकच्या जरा आधी शून्याजवळ यायला हवा.

गणित बरोबर असूनही ठेका ओढल्यासारखा वाटतो? मग किकची शेपटी तपासा. किकचा आवाज थ्रेशोल्डच्या वर आहे तोवर कम्प्रेसर थोडातरी दाबतच राहतो. शेपटी लांब असेल तर आवाज परत वर यायलाही उशीर होतो. त्यामुळे ऐकू येणारी किक साइडचेनला देऊच नका. त्याच जागांवर एक छोटा, कोरडा क्लिक ठेवा, तो मास्टरला (अंतिम आउटपुटला) पाठवू नका, आणि कम्प्रेसरला फक्त तोच ऐकवा.

ड्रम बसवर (सगळे ड्रम एकत्र जातात त्या चॅनलवर) चूक वेगळी होते. अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंदावर ठेवला की किक-स्नेअरचा आघातच चिरडला जातो, आणि आघात गेला की नाचायला उरतं काय? १० ते ३० च्या दरम्यान फिरवून बघा. साइडचेन लावलेल्या बेसवर मात्र अटॅक जलदच हवा, फक्त अगदी शून्यावर नको, टकटक ऐकू येते. शिवाय ५० हर्ट्झच्या बेसचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून बरेच लहान असले तर कम्प्रेसर ठेका सोडून लहरीच्याच मागे धावतो आणि बेस खरखरतो.

ड्रम बसवर हायहॅट प्रत्येक किकला गुदमरत असेल तर डिटेक्टरवर (कम्प्रेसरचा ऐकणारा भाग) १०० हर्ट्झच्या आसपास हायपास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारी चाळणी, लावा. पण जपून, किकसोबत हॅटचं थोडं आत-बाहेर होणं म्हणजेच हाउसची मजा. फिल्टर फार वर नेलात तर तीही जाईल.

मेकअप गेन (दबलेला आवाज परत वाढवणारं बटण) वाढवून ‘वा, छान वाटतंय’ म्हणू नका. मोठा आवाज नेहमीच छान वाटतो. बायपासशी (कम्प्रेसर बंद असतानाच्या आवाजाशी) पातळी जुळवा, मग ठरवा.

आणि ब्रेकडाउनमध्ये (ड्रम थांबतात तो शांत भाग) किक थांबताच पॅडचा श्वासही थांबत असेल, तर तो मुका क्लिक तिथेही चालू ठेवा. ड्रॉपच्या (ठेका पुन्हा जोरात येतो त्या क्षणाच्या) आधी एक बार तो काढून टाकलात तर पॅड अचानक भरून येतो. हे मात्र मुद्दाम करा.