गच्चीवरून अलगोल

धूमकेतू शोधायचा म्हणून कुणी दुर्बीण घ्यायला निघालं की मी आधी त्याला थांबवतो. हल्ली नवे धूमकेतू आणि अतिनवतारे बहुतेक करून स्वयंचलित कॅमेऱ्यांनाच आधी सापडतात. आपण रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं ते, धरावेत, आणि पहिला धरावा अलगोल. त्याला दुर्बीण लागत नाही. मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडच्या कारखान्यात दुसरी पाळी करतो. साडेअकराला सुटलो की थेट गच्ची. आकाश काळंकुट्ट नाही, दिव्यांचा उजेड आहेच, तरी अलगोल दिसतो.

प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. एरवी तो २.१ प्रतीचा असतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार समोर येतो आणि तो ३.४ पर्यंत उतरतो. (आकडा वाढला की तारा मंद, हे उलटं गणित अंगवळणी पडायला मला महिना लागला.) उतरून पुन्हा वर यायला दहाएक तास जातात. यॉर्कच्या जॉन गुडरिकने हा काळ १७८३ मध्ये मांडला तेव्हा तो विशीही ओलांडलेला नव्हता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

शोधायचा असा. डिसेंबरअखेरीस रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर करा. डावीकडे देवयानी तारकासमूहाच्या टोकाचा अल्माख, तिथून हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा जरा जास्त उजवीकडे अलगोल, आणि आणखी मूठभर पुढे ययाती तारकासमूहातला एप्सिलॉन. तिघे जवळजवळ एका ओळीत.

आता खरं काम. अल्माख २.१, एप्सिलॉन २.९. अलगोल या दोघांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं. अल्माखपासून एप्सिलॉनकडे पाऊण वाट उतरलाय असं वाटलं तर ०.८ चे पाऊण म्हणजे ०.६, नोंद २.७. एप्सिलॉनपेक्षाही मंद झाला की त्रिकोण मंडलातला ३.४ प्रतीचा आल्फा घ्या. एकटक बघू नका, नजर इकडून तिकडे फिरवा. तिन्ही तारे साधारण सारख्याच उंचीवर असतील तेव्हाच ताडून बघा. खाली क्षितिजाजवळ धूर-धुळीने तारे खोटे मंद दिसतात, आणि थंडीत निफाडकडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की विचारूच नका. नोंद दर वीस मिनिटांनी, घड्याळ बघून. आधीची नोंद झाकून ठेवा, नाहीतर हात आपोआप तिच्या जवळचाच आकडा लिहितो.

साठलेल्या नोंदी १९११ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आव्सो (AAVSO) या रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या संस्थेकडे पाठवता येतात. निरीक्षक जगात कुठलाही चालतो, आणि तुलनेच्या ताऱ्यांचे नकाशेही तिथेच मिळतात.

वेळापत्रकातली किमान तेजाची, म्हणजे तारा सगळ्यात मंद असण्याची, वेळ मात्र नीट वाचा. पहिल्या वर्षी कागदावर १९.१० दिसलं आणि सुट्टीच्या दिवशी मी संध्याकाळी सातलाच खुर्ची टाकून बसलो. नऊपर्यंत अलगोल अल्माखच्या जोडीने तसाच लखलखीत. वहीत "तारा बिघडला" लिहून खाली आलो. साडेबाराला बायको म्हणाली, "खुर्ची दवात भिजेल, आणा ती." वर गेलो तर अलगोल एप्सिलॉनपेक्षाही मंद! कागदावरची वेळ ग्रिनिचची होती. साडेपाच तास मिळवले की रात्रीचे १२.४० होतात. मोबाईलच्या उजेडात आधीची ओळ खोडली, खाली ३.३ लिहिलं आणि पुढची वेळ काढली: तीन रात्रींनी, साडेनऊच्या सुमारास.

त्या रात्री दुसरी पाळी होती.