हेडलाइटचा हॅलोजन बल्ब सारखा उडतो? आधी होल्डरवरचं व्होल्टेज मोजा

निफाड-दिंडोरीचा माल घेऊन पिकअप रात्री कसारा घाट उतरत असेल आणि डिपर (हेडलाइटचा खाली पडणारा प्रकाश) पिवळा पडला असेल, तर नुसता नवा बल्ब टाकून भागत नाही. बल्ब वारंवार उडत असेल तरीही तेच. दोन्ही तक्रारींमागे बऱ्याचदा व्होल्टेज असतं, आणि ते साध्या मल्टिमीटरने मोजता येतं.

बल्बवर १२ व्होल्ट छापलेलं असलं तरी एच-४ बल्बची (अप्पर आणि डिपर एकाच बल्बमध्ये असलेला हेडलाइटचा बल्ब) चाचणी १३.२ व्होल्टवर होते. त्याहून ५ टक्के जास्त, म्हणजे १३.९ च्या आसपास मिळाले, की प्रकाश साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य जवळपास निम्मं होतं. फिलामेंट जास्त तापते आणि टंगस्टन वेगाने उडू लागतं. हॅलोजन वायू ते परत फिलामेंटवर आणतो खरा, पण जिथून उडालं त्याच जागी ते बसत नाही. पातळ झालेली जागा आणखी पातळ होते, आणखी तापते आणि तिथेच तुटते. उलट होल्डरवर १२ व्होल्टच पोहोचत असतील, तर बल्ब खूप टिकतो, पण प्रकाश पावपट कमी पडतो. घाटातल्या धुक्यात हा पाव हिस्सा फार मोलाचा आहे.

पहिलं मोजमाप बॅटरीवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करून डिपर लावा आणि थोडा रेस द्या. १३.५ ते १४.५ व्होल्ट ठीक. आकडा १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्या. तो दुरुस्त होईपर्यंत कितीही भारी बल्ब घातला तरी उडणारच, आणि बॅटरीही उकळेल.

दुसरं मोजमाप होल्डरवर. इथे बहुतेकांची गफलत होते: कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरचा जोड) काढून मोजतात. बल्ब जोडलेला नसेल तर वायरमधून करंटच वाहत नाही, मग खराब वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. कपलर बल्बवर तसाच ठेवा आणि मीटरच्या पिना मागच्या बाजूने, वायरलगत आत सरकवा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल. एक व्होल्टच्या वर फरक असेल तर दोष शोधायलाच हवा.

फरक कुठे पडतो? लाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कपलरच्या अर्थ वायरला लावा. ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ट्रॅक्टरवर हे हमखास सापडतं, कारण गंधक आणि मोरचुदाचे थेंब अर्थच्या बोल्टवर बसून गंज धरतो. बोल्ट खोला, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. अर्थ ठीक असेल तर व्होल्टेजची घट पॉझिटिव्ह बाजूला, म्हणजे स्विच, कपलर किंवा बारीक वायरमध्ये आहे.

त्यावर उपाय म्हणजे रिले: जुन्या स्विचच्या थोड्या करंटवर चालू होऊन बॅटरीचा करंट जाड वायरने थेट बल्बला देणारा स्विच. तो बसवताना अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घालून, २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला आणा. ८७ मधून होल्डरला, ८६ ला हेडलाइटची जुनी वायर, ८५ अर्थला. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थ बाजूला असतो. तिथे ही जोडणी चालत नाही, वायरिंगची आकृती पाहूनच हात घाला.

मग पुन्हा होल्डरवर मोजा. १३ ते १३.५ मिळाले की प्रकाश आणि आयुष्य यांचा मेळ उत्तम बसतो. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा राहिला तर काच तिथे जास्त तापून फुटू शकते. लागलंच तर स्पिरिटने पुसून कोरडी करा. कमी प्रकाशावर उपाय म्हणून १००/९० वॅटचा (अप्पर/डिपर) बल्ब मात्र टाकू नका: ६०/५५ साठी बनवलेली वायर जास्त करंट ओढल्यावर आणखी व्होल्टेज खाते, कपलर वितळतो, आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.