बडोद्यात बसून दुर्लक्षित रोगांच्या रिसर्चला फंडिंग कसं मागायचं

एम.फार्म किंवा पीएचडी करताय आणि हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार (वाळूमाशीने पसरणारा रोग) असल्या विषयावर काम करायचंय, तर पैसा मागताना "मार्केट केवढं" यावर पान खर्च करू नका, पेशंटच्या खिशात काही नसतं आणि म्हणूनच तर कंपन्या इकडे फारशा फिरकत नाहीत.

आधी जी-फाइंडरचा, म्हणजे दुर्लक्षित रोगांच्या रिसर्चवर होणाऱ्या खर्चाची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हेचा डेटा उघडा. फुकट आहे, कोणत्या रोगावर कोणी किती खर्च केला ते कळतं. एचआयव्ही, टीबी, मलेरिया हे तिघंच बहुतेक पैसा नेतात, कुष्ठरोगाच्या वाट्याला अगदी थोडा येतो. हे बघून खरंच वाईट वाटतं.

मग नेमकं काय अडलंय ते शोधा. हत्तीरोगच घ्या, आपल्या सुरत-नवसारीकडचा जुना रोग. डीईसी या नेहमीच्या औषधाने जंतांची रक्तातली पिल्लं मरतात पण मोठे जंत सगळे मरत नाहीत, ते वर्षानुवर्षं जगतात, म्हणून दरवर्षी गावभर गोळ्या वाटाव्या लागतात. मोठा जंत थोड्या दिवसांत, सुरक्षितपणे मारणारं औषध अजून हवंय, असा प्रश्न घेऊन जा.

प्रपोजलच्या आधी एक पान लिहा, औषध कोण देणार, कुठे, किती दिवस, गरोदर बाईला चालेल का. यात घाई नको. मिल्टेफोसिन २००२ मध्ये भारतात काळ्या आजारासाठी मंजूर झालं, तोंडाने घ्यायचं म्हणून मोठी सोय, पण गर्भाला धोका, त्यामुळे बायकांना गर्भनिरोधक द्यावं लागतं, आता हे खेड्यात कोण सांभाळणार?

अगदी नवा रेणूच हवा असं नाही. डीएनडीआय या दुर्लक्षित रोगांवर औषधं शोधणाऱ्या ना-नफा संस्थेने फेक्सिनिडाझोल हे अर्धवट सोडून दिलेलं जुनं औषध उचललं, आज आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावर (स्लीपिंग सिकनेस) त्याच्या गोळ्या आहेत.

पैशासाठी कॉलेजवाल्यांनी आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) अर्ज कधी मागवतात ते बघत राहा, स्टार्टअप असेल तर बायरॅक या सरकारी बायोटेक संस्थेची 'बिग' (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट), ५० लाखांपर्यंत. डीएनडीआय मात्र ग्रँट वाटणारी संस्था नाही, तिच्याकडे पार्टनर म्हणून जायचं.

बजेटमध्ये टॉक्सिसिटी आणि स्टॅबिलिटीचे पैसे आधीच धरा, आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत औषध टिकतं हे दाखवावं लागतं आणि त्याला महिनोन्‌महिने जातात. आणि पेटंट घेणार असाल तर सरकारी कार्यक्रमाला औषध कुठल्या दरात मिळेल, हे अर्जातच लिहून टाका.