योएल, योना, आमोस पहिल्यांदा अभ्यासाला घेताय? मग माझा अनुभव वाचा

बीडीच्या (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) पहिल्या वर्षाची मुलं असोत नाहीतर चर्चच्या अभ्यासवर्गाला नव्याने येणारे काका-मावशी, बायबलच्या जुन्या करारातली योएल, योना, आमोस अशी संदेष्ट्यांची पुस्तकं उघडली की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, हे संकट देवानेच पाठवलं का आणि कोणाच्या पापामुळे? कोविडच्या दिवसांत तर हा प्रश्न मला फोनवर विचारला जायचा, घरातलं माणूस गेलेलं असायचं आणि पलीकडून आवाज यायचा की ताई, आमचं काय चुकलं हो. मी हा विषय बरीच वर्षं शिकतेय आणि आता शिकवतेही, त्यामुळे नवीन लोकांना मनापासून सांगते, सुरुवात योएलपासून करा आणि अजिबात घाई करू नका.

योएल का, तर एक म्हणजे पुस्तक छोटं आहे, आपल्या मराठी बायबलमध्ये 3 अध्याय, एका बैठकीत वाचून होतं. (हिब्रू प्रतीत त्याचेच 4 अध्याय आहेत, आपलं 2:28, म्हणजे अध्याय 2 वचन 28, पासून पुढचं तिथे तिसरा अध्याय म्हणून येतं, कॉमेंटरी (बायबलवरचं भाष्य) वाचताना वचनांचे नंबर जुळले नाहीत तर गोंधळू नका.) आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे टोळधाड आलीय, दुष्काळ पडलाय, मंदिरात अर्पणाला धान्य आणि द्राक्षारस उरलेला नाही, एवढं सगळं होऊनही लोकांनी नेमकं कोणतं पाप केलं हे योएल सांगतच नाही. आमोस सांगतो, गरिबाला चपलांच्या जोडासाठी विकलं म्हणून. होशेय सांगतो. योएल नाही. वर्गात कोणीतरी लगेच 1:5 दाखवतं की बघा, दारुड्यांना झापलंय, पण पुढे वाचा ना, तिथे त्यांना रडायला सांगितलंय कारण नवा द्राक्षारस तोंडचा गेला, दोषी म्हणून नाही.

माझ्या मते नवीन लोक घसरतात ते इथेच. सगळ्यांना 2:13 पाठ असतं, कपडे नको हृदय फाडा, त्यावर प्रवचनं ऐकलेली असतात, त्यामुळे पहिला अध्याय भरभर उरकून तिथे उडी मारली जाते. तसं करू नका. पहिला अध्याय म्हणजे अख्खा विलाप आहे आणि तो वहीत हाताने उतरवून काढा, कोण कोण रडतंय त्याच्याखाली रेघ मारा. याजक, शेतकरी, द्राक्षमळेवाले, ऐन तारुण्यात नवरा गेलेल्या बाईसारखा आक्रोश, स्वतः जमीन, आणि मग 1:17-18 ला ढेकळांखाली वाळून गेलेलं बियाणं, मोडकळीला आलेली कोठारं, चारा नाही म्हणून कण्हणारी गुरं. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पश्चात्तापाची हाक या सगळ्यानंतर येते, आधी संदेष्टा नुकसान नीट बघतो, मोजतो, त्याला नाव देतो. टोळांना तर 1:4 मध्ये चार वेगवेगळे हिब्रू शब्द आहेत, गाझाम, अर्बे, येलेक, हासील, या चार जाती आहेत की वाढीच्या अवस्था यावर वाद आहे, त्यात अडकू नका, एकाने सोडलं ते दुसऱ्याने खाल्लं एवढं मनात भिनलं तरी पुरे.

टोळधाड म्हणजे काय हे डोळ्यासमोर येत नसेल तर 1915 साली जेरुसलेम आणि आसपास आलेल्या धाडीचे फोटो नक्की बघा, तिथल्या अमेरिकन कॉलनी नावाच्या ख्रिस्ती वसाहतीच्या फोटोग्राफरांनी काढलेत आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन ठेवलेत. त्यात अंजिराचं झाड आहे, आधी पानांनी भरलेलं आणि नंतर नुसत्या काड्या. योएल 1:7 मध्ये अंजिराची साल सोलून फांद्या पांढऱ्या पडल्या असं लिहिलंय, तो फोटो आणि ते वचन मी वर्गात शेजारी शेजारी ठेवते. एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत साधारण 4 कोटी टोळ असू शकतात आणि ते दिवसाला साधारण 35,000 माणसांचं अन्न खातात. आपल्याकडे मे 2020 मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात टोळ आले तेव्हा विदर्भातल्या विद्यार्थ्यांना हा अध्याय वेगळाच वाटला असणार.

आता 2:12-16. "अजूनही वेळ आहे, माझ्याकडे वळा" अशी हाक आहे, उपास आहे, रडणं आहे, म्हाताऱ्यांपासून अंगावर पिणाऱ्या बाळांपर्यंत सगळ्यांना बोलवा म्हणतो, नवरा-नवरीलाही खोलीतून बाहेर यायला सांगतो. पण एवढं सगळं केल्यावर देव नक्की संकट काढेलच असं योएल म्हणत नाही. तो म्हणतो, कोण जाणे, कदाचित तो वळेल. हे "कोण जाणे" पेन्सिलने गोल करा आणि मग इतर ठिकाणी शोधा. योना 3:9 ला तेच शब्द निनवेच्या राजाच्या तोंडी आहेत, म्हणजे अश्शूरच्या, शत्रूच्या राजाच्या. आमोस 5:15 ला कदाचित, सफन्या 2:3 ला कदाचित. पश्चात्ताप करणारा इथे सौदा करत नाही, दया मागतो आणि देवाला मोकळं ठेवतो. मला हे समजल्यावर माझी प्रार्थनाच बदलली.

मग एक चार्ट बनवा, एक्झामलाही फार उपयोगी पडतो. निर्गम 34:6-7 मध्ये देव कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आहे हे सूत्र येतं आणि लगेच पुढे तो दोषीला शिक्षा केल्याशिवाय सोडत नाही हेही येतं. आता योएल 2:13, योना 4:2 आणि नहूम 1:3 त्याच्या शेजारी लिहा. योएल आणि योना दोघंही शिक्षेचा भाग गाळतात आणि त्याजागी अरिष्ट आणण्यापासून देव माघार घेतो असं घालतात, नहूम मात्र निनवेविरुद्ध बोलताना शिक्षेचाच भाग धरतो. देवाने निनवेला जा म्हटल्यावर योनाला तर ही दया माहीत होती म्हणूनच तो पळाला आणि नंतर चिडला. एकच सूत्र, एकच शहर, दोन संदेष्टे, आणि बायबलने दोघांनाही जागा दिलीय. यावर वर्गात तासभर भांडण होतं आणि व्हायलाच हवं.

योएलचा काळ कोणता यावर नवीन मुलं आठवडे घालवतात. राजाचा उल्लेख नाही, मंदिर आहे, ग्रीकांचं नाव येतं, म्हणून बरेच अभ्यासक यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरचा काळ धरतात, काही खूप आधीचा धरतात. उत्तरात एका परिच्छेदात दोन्ही बाजू द्या आणि पुढे चला.

हेही सांगते की हा अभ्यास फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. योनाचं अख्खं पुस्तक योम किप्पूरच्या (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाच्या) दुपारी सिनेगॉगमध्ये वाचलं जातं, आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यूही ते ऐकत आलेत. ओळखीतलं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, उपासाच्या दिवशी ते पुस्तक ऐकणं काय असतं ते त्यांनाच विचारा. आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतर मिळालं तर शेजारी ठेवा, दुष्काळातल्या मुलींना केडगावला आसरा देणाऱ्या बाईने हे अध्याय मराठीत आणलेत हे लक्षात ठेवून वाचा.

योएलनंतर आमोस 7:1-6 घ्या. तिथेही टोळच, पण लोकांनी पश्चात्ताप केल्याचा एक शब्द नाही. आमोस फक्त म्हणतो, याकोब (म्हणजे इस्राएल) लहान आहे, कसा टिकेल, आणि देव थांबतो. त्यानंतर यिर्मया 14, तिथे दुष्काळ आहे, हरिणी गवत नाही म्हणून पाडसाला टाकून जाते, लोक उपास करतात आणि देव म्हणतो मी ऐकणार नाही. हे तिन्ही ओळीने वाचलं की अमुक केलं की तमुक मिळतं असा फॉर्म्युला हातात राहत नाही.

सगळ्यात शेवटी 2 शमुवेल 12. राजा दावीद पाप कबूल करतो, नाथान संदेष्टा त्याला क्षमा झाल्याचं सांगतो, तरी त्याचं बाळ आजारी पडतं, दावीद जमिनीवर पडून उपास करतो, नंतर सांगतो की कोण जाणे, परमेश्वर दया करेल असं मला वाटलं, आणि बाळ सातव्या दिवशी जातं. हा अध्याय एकट्याने वाचू नका, ग्रुपमध्ये वाचा आणि नंतर अर्धा तास तरी मोकळा ठेवा. प्रार्थना करूनही ज्यांचं माणूस गेलं ते लोक, जे आधीच्या सगळ्या तासांना गप्प बसलेले असतात, ते बहुतेक वेळा इथे बोलायला लागतात, आणि तेव्हा लीडरने कॉमेंटरी बंद करून ऐकायचं असतं.