चालू संशोधनाचं चर्चासत्र भरवताय? या चुका टाळा

इतिहास विभागात दर महिन्याला चालू संशोधनावर चर्चासत्र ठेवायचं ठरतं. पहिल्या सत्राला खुर्च्या कमी पडतात. चौथ्याला मार्गदर्शक आणि त्यांचेच दोन विद्यार्थी उरतात. विषय कंटाळवाणे म्हणून असं होत नाही. मराठवाड्याच्या इतिहासात न उघडलेली दफ्तरं भरपूर आहेत. बिघडतं ते सत्र भरवण्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पूर्ण झालेला लेख वाचून दाखवणं. निष्कर्ष पक्का झालाय, तर समोरच्यांनी बोलायचं काय? 'छान मांडणी' म्हणून टाळ्या वाजतात आणि चहा येतो. त्यापेक्षा अडलेलं प्रकरण आणा आणि पहिल्याच पानावर लिहा की नेमकं कुठे अडलंय: 'जहागिरीच्या गावांतला सारा आणि सर्फेखासच्या (निजामाच्या खासगी मालकीच्या) गावांतला सारा यांची तुलना करायची आहे, पण दोन्हींचे आकडे एका मापात बसत नाहीत.' एवढं वाचलं तरी जाणता माणूस पुढे सरसावतो. मसुदा दहा-बारा पानांचाच ठेवा आणि आठवडाभर आधी पाठवा.

'मुक्तिसंग्रामात जिल्ह्याचे योगदान' असा विषय दीड तासात कुणाच्याच हाती लागत नाही. एक तालुका, हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीवरचा स्वातंत्र्यसैनिकांचा एक कॅम्प, एक प्रश्न पुरे.

आता तारखा. निजामकाळच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली कामाची कालगणना असते आणि इसवी सन काढायला बरेच जण सरसकट 590 मिळवून मोकळे होतात. पण निजामी राज्यातला फसली सन आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचा. म्हणून तिथपासून डिसेंबरअखेर 590 आणि जानेवारीपासून पुढे 591 मिळवावे लागतात. 29 नोव्हेंबर 1947 चा भारत आणि निजाम यांच्यातला 'जैसे थे' करार आणि हैदराबाद संस्थान भारतात आणणारी सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई, दोन्ही फसली 1357 मध्येच येतात. सरसकट 590 धरले की पोलीस कारवाई सप्टेंबर 1947 मध्ये, कराराच्याही आधी जाऊन बसते! मसुद्यात मूळ फसली तारीख महिन्यासकट ठेवा आणि इसवी तारीख शेजारी द्या. चूक झालीच तर दुसऱ्याला पकडता येते.

उर्दू कागदाचा फोटो नुसता पडद्यावर दाखवू नका. एका पानावर फोटो, देवनागरी लिप्यंतर आणि मराठी अर्थ द्या. गावात जुनं उर्दू हस्ताक्षर वाचणारे निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना मानाने बोलवा. शिकस्ता, म्हणजे घाईच्या जोडअक्षरी वळणाचा एक शब्द त्यांनी लावून दिला की अख्खा परिच्छेद बदलू शकतो. मोडीचंही तसंच.

1948 च्या हिंसेबद्दल कुणी विश्वासाने सांगितलं असेल, तर त्या व्यक्तीचं आणि गावाचं नाव मसुद्यातून काढूनच तो व्हॉट्सॲपवर टाका. तिथे कसूर नको.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक हे सगळं वगळा. किनवट-देगलूरहून तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं एस.टी.ने येतात, त्यांची परतीची गाडी सत्कारात चुकायला नको. मांडणी वीस मिनिटं, बाकी वेळ चर्चा. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा घ्या. ज्येष्ठ प्राध्यापक आधी बोलले की मुलं गप्प बसतात.

टिपणं घ्यायला एकाला नेमा आणि ती त्याच रात्री संशोधकाला पाठवा. दोन-तीन महिन्यांनी तेच प्रकरण दुरुस्त होऊन पुन्हा सत्रात आलं पाहिजे, हे वेळापत्रकातच लिहून टाका.